कुमार गटातील बेसबॉल स्पर्धांचे पंचकार्य : स्वरूप व आव्हाने
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : बेसबॉल, पंचकार्य, स्ट्राइक झोन, शालेय व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, ग्रामीण क्रीडासंस्कृती

प्रस्तावना

क्रीडास्पर्धेचा वृत्तान्त वृत्तपत्रात प्रसिद्ध होतो तेव्हा त्यात विजेता संघ, कर्णधार, मार्गदर्शक आणि पारितोषिक वितरण करणारे मान्यवर या सर्वांची नावे असतात. पंचांची नावे बहुधा अखेरच्या वाक्यात येतात आणि जागा अपुरी पडली की तेच वाक्य प्रथम गाळले जाते. पंचाचे काम चोख झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, हे जरी खरे असले तरी त्यामुळे या कार्याचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे फारच थोडा झाला आहे. प्रस्तुत लेखात शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन वयोगटातील बेसबॉल सामन्यांत पंचांसमोर कोणत्या अडचणी उभ्या राहतात, त्यांची कारणे कोणती आणि त्यांपैकी कोणत्या आपल्या महाविद्यालयांना दूर करता येण्याजोग्या आहेत, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. शारीरिक शिक्षणेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही ते सुगम व्हावे, म्हणून खेळाचे आवश्यक तेवढे नियम ओघात स्पष्ट केले आहेत.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि अलीकडे क्रिकेट यांच्यात रमलेले आहेत. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर २०२० मध्ये रणजी करंडकाचा सामनाही झाला. अशा परिसरात बेसबॉल हा पाहुणा खेळ आहे. तरीही तो येथे रुजू पाहतो आहे. बारामती तालुक्यातील रेश्मा पुणेकर यांनी भारतीय महिला बेसबॉल संघापर्यंत मजल मारली, ही गोष्ट ग्रामीण भागातील मुलींच्या दृष्टीने लहान नव्हे. भारतीय हौशी बेसबॉल महासंघाची स्थापना १९८० च्या दशकातील आहे, म्हणजे देशपातळीवरही या खेळाचे संघटित वय चार दशकांच्या आसपासच भरते. ऑलिंपिकमध्ये १९९२ ते २००८ या काळात हा खेळ होता. त्यानंतर टोकियोच्या स्पर्धेत तो परतला, २०२४ मध्ये पॅरिसला वगळला गेला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेटच्या जोडीने पुन्हा समाविष्ट करण्यात आला आहे.

पंचकार्याच्या दृष्टीने 'पाहुणा खेळ' या स्थितीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. कबड्डीच्या मैदानाभोवती बसलेल्या शे-दोनशे प्रेक्षकांत निम्मे तरी स्वतः कधी चढाईला गेलेले असतात. दम तुटला की नाही, चढाईपटूचा पाय रेषेबाहेर गेला की नाही, यावर सरपंचाइतकेच अधिकारवाणीने बोलणारे वृद्ध तेथे हजर असतात. पंचाला त्यांचा धाक असतो, तसाच आधारही असतो. बेसबॉलच्या मैदानावर हा आधार नाही. तेथे नियम बहुधा एकट्या पंचाला ठाऊक असतात. खेळाडूंना अर्धे, व्यवस्थापकांना सोयीपुरते आणि प्रेक्षकांना मुळीच नाही. न्यायदानाबरोबर कायदा शिकविण्याचे कामही त्याच्याच माथी येते, आणि ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे कठीण असते.

स्ट्राइक झोन : मूळ अडचण

क्रिकेटचा पंच षटकामागून षटक निर्णय न देता उभा राहू शकतो. बेसबॉलच्या मुख्य पंचाला ही सवलत नाही. पिचरने टाकलेला आणि बॅटरने न खेळलेला प्रत्येक चेंडू 'स्ट्राइक' की 'बॉल' हे त्याला घोषित करावेच लागते. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस बहाल. सात डावांच्या सामन्यात असे निर्णय शंभराहून अधिक वेळा सहज द्यावे लागतात आणि त्यांतील प्रत्येक निर्णयावर किमान एक संघ नाराज असतो.

हा निर्णय ज्या कल्पित चौकटीच्या आधारे द्यावयाचा, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. तिची रुंदी होम प्लेटएवढी, म्हणजे १७ इंच अथवा सुमारे ४३ सेंटिमीटर. वरची मर्यादा बॅटरचे खांदे आणि कमरेवरील विजारीचा काठ यांच्या मध्यावर, तर खालची गुडघ्याच्या वाटीखालील खोलगट भागाशी. चेंडूचा कोणताही भाग या चौकटीच्या कोणत्याही भागास स्पर्शून गेला तरी तो स्ट्राइक. चेंडूचा व्यास सुमारे साडेसात सेंटिमीटर असल्यामुळे व्यवहारात ही चौकट दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ ५८ सेंटिमीटर रुंद होते. ही बाब नवोदित पंचांच्या पचनी पडावयास बराच काळ लागतो. ते प्लेटच्या काठाला घासून गेलेला चेंडू हटकून 'बॉल' देतात.

चौकटीची उंची बॅटरच्या शरीरावर अवलंबून असल्याने कुमार गटात एक वेगळाच प्रश्न उद्भवतो. चौदा वर्षांखालील एकाच संघात सव्वाचार फुटांचा मुलगा आणि साडेपाच फुटांचा मुलगा शेजारी शेजारी उभे असतात. पहिल्याच्या छातीवरून गेलेला चेंडू दुसऱ्याच्या बाबतीत निर्विवाद स्ट्राइक ठरतो. पंच प्रत्येक बॅटरगणिक आपली चौकट नव्याने आखत असतो. प्रेक्षकांना मात्र तोच चेंडू, तीच उंची आणि दोन भिन्न निर्णय एवढेच दिसते. त्यातच काही मुले झोन लहान व्हावा म्हणून मुद्दाम ओणवी होतात. नियमानुसार बॅटरची चेंडू मारण्याच्या वेळची स्वाभाविक स्थिती धरावयाची असते, हे येथे उपयोगी पडते.

परंतु सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. व्यावसायिक पिचरचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाने जवळजवळ सरळ रेषेत येतो. आपल्याकडील शालेय पिचरचा चेंडू ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास असेल तर तो वर चढून, कमान घेऊन खाली येतो. हवेचा रोध बाजूला ठेवून ढोबळ गणित मांडले तर असे दिसते : सुमारे १६ मीटर अंतर कापावयास या चेंडूला पाऊणपेक्षा अधिक, जवळजवळ ०.९ सेकंद लागतो. प्लेटपाशी पोहोचताना तो खाली येण्याचा वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर असतो. प्लेटची खोलीही १७ इंचच आहे. तेवढे अंतर ओलांडेपर्यंत चेंडू सुमारे १३ सेंटिमीटर खाली येतो आणि तेथून सव्वा मीटर मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात शिरेपर्यंत आणखी ४० सेंटिमीटर. म्हणजेच प्लेटच्या पुढच्या काठावर गुडघ्याच्या उंचीने गेलेला, नियमाप्रमाणे शंभर टक्के स्ट्राइक असलेला चेंडू कॅचरच्या हाती पडतो तेव्हा जमिनीलगत असतो.

मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाची नजर कॅचरच्या हातमोज्यावर असते. मोजा जमिनीला टेकलेला पाहून 'इतका खालचा चेंडू स्ट्राइक कसा?' असा ओरडा होतो, आणि तो ओरडा करणाऱ्याच्या दृष्टीने प्रामाणिक असतो. निर्णय चेंडू प्लेटवरून जातानाचा द्यावयाचा, पकडतानाचा नव्हे, हे तत्त्व पंचाला पाठ असते. तरीही सामन्याच्या उत्तरार्धात, ओरड्याला कंटाळून, पंच नकळत हातमोज्याकडे पाहून निर्णय देऊ लागतो. त्या क्षणी त्याचा झोन बदलतो आणि पहिल्या डावात एका पिचरला मिळालेला न्याय सहाव्या डावात दुसऱ्याला मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कुमार सामन्यांतील बहुसंख्य तक्रारींचे मूळ पक्षपातात नसून झोनच्या अशा घसरणीत आहे. थोडा मोठा वा थोडा लहान झोन खेळाडू जुळवून घेतात; अस्थिर झोन जुळवून घेता येत नाही.

याला शारीरिक श्रमाची बाजू आहे. प्रत्येक चेंडूला पंचाने गुडघ्यात वाकून, डोळे झोनच्या वरच्या मर्यादेच्या पातळीवर ठेवून, बॅटर आणि कॅचर यांच्यामधील फटीतून पाहावयाचे असते. डोके स्थिर हवे. चेंडूबरोबर डोके हलले की चित्र हलते. दिवसात तीन सामने करणारा, चाळिशीकडे झुकलेला शिक्षक तिसऱ्या सामन्यात ताठ उभा राहू लागतो आणि मग खालची मर्यादा त्याला वरून, तिरपी दिसू लागते. शिवाय शालेय कॅचर अननुभवी असतो. तो चेंडू येताच उठतो, कधी घाबरून बाजूला सरकतो. पंचाला एकतर दिसत नाही, नाही तर चेंडू थेट अंगावर येतो. मुखवटा, छातीचे संरक्षक आणि पायांचे गार्ड यांखेरीज होम प्लेटमागे पंचाने उभे राहू नये, असा दंडक असावयास हवा. प्रत्यक्षात संरक्षक साहित्याचा एकच संच असतो आणि तो कॅचरच्या अंगावर असतो. तो तेथेच असला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मग पंच पिचरच्या मागे जाऊन उभा राहतो. तेथून प्लेटची डावी-उजवी बाजू बरी दिसते, उंचीचा अंदाज मात्र चुकतो.

कोरियाच्या व्यावसायिक लीगने २०२४ पासून स्ट्राइक व बॉल यांचा निवाडा कॅमेऱ्यांवर आधारित स्वयंचलित प्रणालीकडे सोपविला. अमेरिकेतील मेजर लीगनेही २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या निर्णयास मर्यादित वेळा आव्हान देण्याची सोय स्वीकारली. आपल्या तालुकास्तरीय सामन्यांशी याचा संबंध एवढाच की, जगातील सर्वोत्तम प्रशिक्षित पंचांनाही जे काम यंत्राच्या साहाय्यावाचून निर्दोष करता येत नाही, ते आपण एका शारीरिक शिक्षकाकडून मुखवट्याविना करून घेत आहोत.

बेसवरील निर्णय : डोळा आणि कान

पहिल्या बेसवर धावणारा आधी पोहोचला की चेंडू, हा निर्णय पाहावयास सोपा वाटतो. वस्तुतः माणसाला दोन ठिकाणी एकाच वेळी पाहता येत नाही. म्हणून पंचाला असे शिकविले जाते की, डोळे बेसवर आणि धावणाऱ्याच्या पावलावर ठेवावेत व चेंडू हातमोज्यात शिरल्याचा आवाज कानांनी टिपावा. पाऊल दिसते, चेंडू ऐकू येतो. ही पद्धत जगभर रूढ आहे. आपल्याकडे मात्र स्पर्धा म्हटली की कर्णा आलाच. उद्घोषक मान्यवरांच्या आगमनाची घोषणा ऐन धावपळीत करतो आणि पंचाचे एक ज्ञानेंद्रिय निकामी होते. चेंडू खेळात असताना ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, ही अट फार मोठी नाही; ती मान्य करून घेण्यास मात्र पंचाला संयोजकांशी बरीच हुज्जत घालावी लागते.

दुसरे तत्त्व अंतरापेक्षा कोनाला महत्त्व देण्याचे. धावणाऱ्याच्या पाठीमागून तीन मीटरवर उभ्या असलेल्या पंचापेक्षा योग्य कोनातून सहा मीटरवर उभ्या असलेल्या पंचाला अधिक अचूक दिसते, कारण त्याला चेंडू, मोजा आणि बेस यांच्यामधील मोकळी जागा दिसते. आणि तिसरे, घाई न करणे. टॅग लागला असे दिसताच 'आउट' म्हणून हात उगारावा आणि पुढच्याच क्षणी मोज्यातून चेंडू निसटावा, हा प्रसंग कुमार गटात वारंवार घडतो, कारण मुलांची पकड कच्ची असते.

चांगल्यातल्या चांगल्या पंचाचेही येथे चुकते. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे आर्मांडो गॅलारागा हा पिचर लागोपाठ २६ बॅटर बाद करून संपूर्ण निर्दोष सामन्याच्या उंबरठ्यावर होता. सत्ताविसाव्या धावकास पहिल्या बेसवर पंच जिम जॉइस यांनी 'सेफ' दिले. चित्रफितीत तो स्पष्ट बाद होता. जॉइस यांनी सामन्यानंतर चूक जाहीरपणे कबूल केली आणि दुसऱ्या दिवशी गॅलारागाने स्वतः होम प्लेटपाशी जाऊन संघाची यादी त्यांच्या हाती दिली. त्या काळी चित्रफीत पाहून निर्णय फिरविण्याची सोय केवळ होमरनपुरती होती. २०१४ पासून तिची व्याप्ती वाढविण्यात आली. हा प्रसंग विद्यार्थी-खेळाडूंना सामन्यापूर्वी सांगितला तर त्याचा उपयोग होतो, असा अनुभव आहे.

क्रिकेटचे आणि सॉफ्टबॉलचे संस्कार

आपल्या भागातील मूल बेसबॉलच्या मैदानावर येते ते दहा वर्षांचे क्रिकेट अंगात मुरवून. त्यामुळे काही निर्णय त्याला अन्यायकारकच भासतात. 'सर, मी बॅट हलवलीच नाही, मग स्ट्राइक कसा?' हा प्रश्न पहिल्याच सामन्यात येतो. क्रिकेटमध्ये चेंडू सोडून देणे ही शहाणपणाची खूण, येथे तो गुन्हा ठरू शकतो. 'बॉल' या शब्दाचाही घोटाळा आहे. मुलांच्या लेखी तो चेंडू किंवा फार तर 'नो-बॉल'. पंच 'बॉल' म्हणाला की काही जण चेंडू आपल्याकडे मागितला असे समजून धावत येतात.

रेषेचे शास्त्रही उलटे आहे. क्रिकेटमध्ये क्रीझच्या रेषेवर बॅट टेकली तर फलंदाज बाद. रेषा ओलांडावीच लागते. बेसबॉलमध्ये फाउल रेषा ही खेळाच्या क्षेत्राचाच भाग असून रेषेवर पडलेला चेंडू वैध ठरतो. चेंडू पहिल्या वा तिसऱ्या बेसच्या अलीकडे रेषेबाहेर जाऊन थांबला तर फाउल, परंतु बेसच्या पलीकडे आत टप्पा पडून मग बाहेर गेला तर वैध. झेल घेतल्यावर क्रिकेटमध्ये चेंडू मृतवत होतो. येथे क्षेत्ररक्षकाचा चेंडूला प्रथम स्पर्श झाल्यावर धावक आपल्या बेसवरून पुढे धावू शकतो. मुले मात्र झेल होताच आनंदाने चेंडू हवेत उडवतात आणि तेवढ्या वेळात तिसऱ्या बेसवरचा धावक घरी पोहोचतो. अशा वेळी क्षेत्ररक्षक संघाला पंचाने फसविल्यासारखे वाटते.

एका बाबतीत मात्र क्रिकेटचा संस्कार उपकारक आहे, ती म्हणजे अपील. धावकाने बेसला स्पर्श न करता तो ओलांडला अथवा झेलाच्या चेंडूला क्षेत्ररक्षकाचा प्रथम स्पर्श होण्यापूर्वी बेस सोडला, तर पंचाने ते पाहूनही गप्प राहावयाचे असते. प्रतिस्पर्धी संघाने रीतसर दाद मागितली तरच निर्णय द्यावयाचा. क्रिकेटमध्येही अपिलावाचून पंच फलंदाजास बाद देत नाही, हे आपल्या मुलांना ठाऊक असल्याने ही तरतूद त्यांना चटकन समजते.

सॉफ्टबॉलचा प्रश्न वेगळा व अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तो खेळाडूंइतकाच पंचांचाही आहे. दोन्ही खेळांचे पंचकार्य बहुधा तीच मंडळी करतात. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी धावकाने बेस सोडला तर तो बाद. बेसबॉलमध्ये आधीच चार पावले पुढे जाऊन उभे राहणे हे कौशल्य मानले जाते. सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवर, बेसबॉलचे मोठ्या गटात ९० फुटांवर. बेसबॉलमध्ये धावक पुढे सरकत असल्यामुळेच पिचरने त्याला फसवू नये यासाठी 'बॉक'चा नियम आला. पिचरने टाकण्याची हालचाल सुरू करून ती अर्धवट सोडली की सर्व धावकांना एकेक बेस पुढे. हा नियम नवशिक्या पिचरला काटेकोरपणे लावला तर एकेका डावात दहा-दहा बॉक निघतील आणि खेळ उरणार नाही. अमेरिकेतील लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुख्य गटात बॉकबद्दल बेस बहाल केला जात नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे लहान गटांसाठी असे भेद स्पर्धेच्या माहितीपत्रकात नमूद असतातच असे नाही. मग एक पंच इशारा देऊन सोडतो, दुसरा नियमावर बोट ठेवतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

नियमात जेथे 'सामान्य प्रयत्न' असा शब्दप्रयोग येतो तेथे पंचाची खरी परीक्षा होते. इनफिल्ड फ्लाय या नियमाचा उद्देश असा : पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावक असताना, दोनपेक्षा कमी गडी बाद झालेले असताना, उंच उडालेला सोपा झेल क्षेत्ररक्षकाने मुद्दाम सोडून दोन गडी बाद करू नयेत. म्हणून चेंडू हवेत असतानाच पंच बॅटरला बाद घोषित करतो. अट एवढीच की, तो झेल आतील क्षेत्ररक्षकास सामान्य प्रयत्नाने घेता येण्याजोगा असावा. सामान्य म्हणजे कोणासाठी? नियमपुस्तकाचे उत्तर असे की, त्या स्तरावरील सरासरी कुवतीच्या खेळाडूसाठी, मैदान व हवामानाची स्थिती विचारात घेऊन. चौदा वर्षांखालील तालुकास्तरीय सामन्यात सरासरी खेळाडूला उंच झेल येतोच असे कोण म्हणेल? पंचाने या मुलांच्या कुवतीचा अंदाज पहिल्या दोन डावांत बांधावा लागतो, आणि तो पुस्तकात मिळत नाही.

मैदान आणि स्थानिक नियम

नीरा डाव्या कालव्याखालील बागायती पट्ट्यात जमीन काळी, खोल आणि पाणी धरून ठेवणारी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. बेसबॉलचा चेंडू अशा जमिनीवर कसा उसळेल हे सांगता येत नाही. पिचरसाठी उंचवटा क्वचितच असतो, कारण तेच मैदान दुसऱ्या दिवशी क्रिकेट किंवा कबड्डीसाठी हवे असते. आखणी फक्कीने होते. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसचे कर्ण-अंतर ३८.८० मीटर येते का, हे पंचाने टेपने स्वतः मोजावे. बेस २७.४३ मीटरवर असूनही कोन नव्वद अंशांचा नसल्यास फाउल रेषा भलतीकडेच जाते आणि मग दिवसभराचे निर्णय चुकीच्या रेषेवर बरोबर ठरतात.

मैदानाला कुंपण नसते. एका बाजूला ऊस, दुसरीकडे दुचाक्यांची रांग, मध्ये एखादे कडुलिंबाचे झाड. चेंडू उसात शिरला तर काय? येथे बेसबॉलची नियमरचना उदार आहे. सामन्यापूर्वी दोन्ही व्यवस्थापकांना होम प्लेटपाशी बोलावून स्थानिक नियम ठरविण्याची तीत तरतूद आहे. टप्पा पडून उसात गेलेल्या चेंडूला दोन बेस, क्षेत्ररक्षकाची फेक वाहनतळात गेली तर धावकांना दोन बेस, झाडाला लागलेला चेंडू जिवंत की मृत, हे सारे आधीच बोलून घेता येते. पाच मिनिटांची ही बैठक अर्ध्या तासाचे भांडण वाचविते. तरीही ती सर्रास टाळली जाते, कारण उद्घाटनाला उशीर झालेला असतो.

पंच हा सहकारी असतो तेव्हा

या भागातील पंच हा व्यावसायिक पंच नसून कोणत्या ना कोणत्या विद्यालयाचा शारीरिक शिक्षक अथवा महाविद्यालयाचा क्रीडा संचालक असतो. आज तो पंच आणि त्याचा शेजारी व्यवस्थापक. पुढील आठवड्यात भूमिका बदलतात. दोघे एकाच विभागीय क्रीडा समितीच्या बैठकीला शेजारी बसतात. पुष्कळदा पंचाच्या स्वतःच्या संस्थेचा संघ त्याच स्पर्धेत दुसऱ्या गटात खेळत असतो. अशा परिस्थितीत निर्णय प्रामाणिक असला तरी तो प्रामाणिक दिसत नाही. जवळचा निर्णय आपल्या मित्राच्या संघाच्या बाजूने गेला की कुजबुज होते, म्हणून काही पंच मित्राच्या संघावर अकारण कठोर होतात. हाही एक प्रकारचा पक्षपातच आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात.

ती किंमत थोडी नसते. दहावी व बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे क्रीडागुण, पुढे विद्यापीठ संघातील निवड, आणि महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयान्वये शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ठेवलेले पाच टक्के आरक्षण, या शिडीची पहिली पायरी तालुका व जिल्हा स्तरावरील सामन्यांची आहे. ऊसतोडीच्या हंगामात शाळा सुटलेल्या, शेतमजुराच्या घरातून आलेल्या मुलीच्या बाबतीत सहाव्या डावातील एका स्ट्राइकचा अर्थ पुण्यातील मुलीपेक्षा वेगळा असू शकतो. पंचाने हे ध्यानात ठेवून निर्णय द्यावा असे मुळीच सुचवावयाचे नाही. उलट ते विसरूनच निर्णय द्यावा लागतो. परंतु व्यवस्थेने ते ध्यानात ठेवून पंचाला तयार करावयास हवे.

प्रेक्षकांच्या वर्तनाबाबत परिस्थिती अन्यत्रही फारशी वेगळी नाही. न्यू जर्सीतील डेप्टफर्ड येथील लिटल लीगने २०२३ मध्ये असा नियम केला की, पंचाला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने तीन सामन्यांत स्वतः पंचकार्य केल्याखेरीज त्याला मैदानावर प्रवेश नाही. सततच्या अवहेलनेने स्वयंसेवी पंच काम सोडून जात होते, हे त्यामागील कारण. आपल्याकडे पालक क्वचित येतात. ओरडा करतात ते बहुधा आपलेच माजी विद्यार्थी.

पिचरच्या खांद्याचा प्रश्नही पंचाच्या डोळ्यांदेखत घडतो आणि त्याच्या अधिकाराबाहेर राहतो. संघात एकच भरवशाचा पिचर असतो व दिवसातील सर्व सामन्यांत तोच टाकतो. लिटल लीगने २००७ पासून चेंडूंची दैनिक मर्यादा ठरविली आहे. ११-१२ वर्षांच्या मुलासाठी ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्या मुलासाठी ९५. स्पर्धेच्या नियमावलीत अशी मर्यादा असल्यास गुणलेखक मोजणी ठेवू शकतो व पंच खेळ थांबवू शकतो. नियमावलीत ती नसेल तर पंचाच्या हाती व्यवस्थापकास विनंती करणे एवढेच उरते.

काही व्यवहार्य सूचना

पंचांची संख्या वाढविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग महाविद्यालयाच्या मैदानावरच आहे. संघनिवडीत मागे राहिलेले, परंतु नियम जाणणारे पाच-सहा विद्यार्थी दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयात असतात. त्यांना प्रथम सरावसामन्यांत बेसवरील पंच म्हणून उभे करावे, मग शालेय सामन्यांत मुख्य पंचाच्या जोडीला द्यावे. एका पंचाऐवजी दोन पंच झाले की मुख्य पंचाला होम प्लेट सोडून पहिल्या बेसकडे धावावे लागत नाही. विद्यार्थिनींना यात मुद्दाम सामावून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये जेन पावोल या पहिल्या महिला पंच मैदानावर उतरल्या त्या ९ ऑगस्ट २०२५ रोजी. म्हणजे या बाबतीत आपण फार मागे पडलो आहोत असे नव्हे.

पंचांची नेमणूक करताना बारामतीच्या सामन्यांस इंदापूरचे आणि इंदापूरच्या सामन्यांस बारामतीचे पंच पाठवावेत. दोन गावांतील अंतर लक्षात घेता प्रवासाचा प्रश्न मोठा नाही. प्रवासखर्चाची तरतूद मात्र संयोजक संस्थेने आधीच करावी लागेल. लहान गटांसाठी बॉक, डावांची संख्या आणि चेंडूंची मर्यादा याविषयीचे नियम एका पानावर मराठीत छापून प्रवेशिकेसोबतच संघांना द्यावेत. आणि संरक्षक साहित्याची मागणी नोंदविताना कॅचरच्या संचाखाली पंचासाठी मुखवटा, छातीचे संरक्षक व पायांचे गार्ड अशी स्वतंत्र नोंद करावी, म्हणजे खरेदी समितीसमोर 'एक संच आहे ना' हा प्रश्न आला तर तो संच कोणाचा, हे कागदावरच दाखविता येईल.